जैसलमेरला जाताय? मग जरा तारांकडेही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की पर्यटन पुरवण्यांमध्ये जैसलमेर हटकून येतं. किल्ला, पटव्यांची हवेली, सम गावच्या वाळूच्या टेकड्या, उंट, तंबूतला मुक्काम, रात्रीचं नाचगाणं, की झाला लेख. त्या टेकड्यांच्या पाठीलाच ३,१६२ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय मरू उद्यान पसरलेलं आहे, पाच मुंबया बसतील एवढं. त्याला मिळाली तर एक ओळ मिळते, तीही उंटाच्या फोटोखाली. म्हणून हे पत्र, त्या उद्यानातल्या माळढोक पक्ष्याबद्दल आणि त्याला मारणाऱ्या विजेच्या तारांबद्दल. लांबलं तर जरूर कापा, फक्त तारांचा भाग तेवढा राहू द्या.

मी वीज मंडळात वायरमन म्हणून लागलो आणि प्रधान तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. उमेदीची वर्षं उत्तर सोलापूर तालुक्यात गेली. नान्नज, मार्डी, वडाळा या पट्ट्यात बहुतेक पोलांवर मी कधी ना कधी चढलेलो आहे. माझी पक्ष्यांची जाण तेवढ्यापुरतीच, पोलावरून जे दिसतं ते. तार मात्र मला कळते.

यंदा जानेवारीत मुलगा, सूनबाई, मंडळी आणि मी असे गाडी घेऊन राजस्थानला गेलो. अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर असा रस्ता. बाडमेर मागे पडलं की शेतं विरळ होत जातात, खेजडी (म्हणजे आपली शमी) आणि बोरीची झुडपं तेवढी उरतात. शिव गाव ओलांडलं आणि मी खिडकीतून मोजायला लागलो. ११ केव्ही (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट), ३३ केव्ही, मग १३२, २२०, आणि फतेहगढच्या बाजूला तर ४०० आणि ७६५ चे टॉवर रांगेने. एका ठिकाणी उभं राहून मान चौफेर फिरवली तर ज्या दिशेला लाईन नाही अशी दिशाच सापडेना. देवीकोटच्या पुढे पवनचक्क्या सुरू झाल्या. आमची मंडळी म्हणाली, "अहो, इथंसुद्धा पोलच बघत बसणार का? समोर हरणं आहेत बघा." होतीच, चिंकारा होते. डीपीच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) सावलीत उभे होते.

वाटेत आकलचं लाकूड-जीवाश्म उद्यान लागतं. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे खोड दगड होऊन पडलेले आहेत आणि त्यांच्यावर जाळीचे पिंजरे बसवलेले आहेत. मेलेल्या झाडांची एवढी बडदास्त पाहून बरं वाटलं. जिवंत असलेल्यांचं पुढे बघायचं होतं.

समबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिथे जे चालतं ते सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी चार वाजता जीपगाड्यांची रांग लागते, टेकडीच्या धारेवरून गाडी खाली सोडायची, पोरं किंचाळतात, व्हिडिओ होतो. रात्री तंबूंच्या प्रत्येक वस्तीत वेगळा डीजे. ज्याला हौस आहे त्याने करावी, माझी तक्रार वाळूवर गाड्या फिरवण्याची नाही. मी सवयीप्रमाणे जेवणानंतर तंबूंच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे डीपी, त्यावर ११ केव्हीचा टॅप, म्हणजे मुख्य लाईनवरून ओढलेली फांदी, आणि ती लाईन माळावरून अंधारात कुठून तरी आलेली. शेजारच्या वस्तीचा टॅप वेगळा, त्याच्या पलीकडच्याचा आणखी वेगळा. शंभर दिवे, वीसेक गिझर, स्पीकर, वातानुकूलित तंबू! हौस कॅम्पवाल्याची, पण तार माळावर. आणि त्या डीपीच्या खाली उष्टं टाकलेलं, त्यावर कुत्र्यांची झुंबड. हीच कुत्री हंगाम संपला की चिंकाऱ्यांच्या मागे लागतात, असं तिथला आमचा गाडीवाला म्हणाला. माळढोक जमिनीवर, उघड्यावर एकच अंडं घालतो. कुत्र्याला ते फोडायला किती वेळ लागणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मरू उद्यानातल्या सुदासरीला गेलो. समहून ते फार लांब नाही, पण समला येणाऱ्या शंभर गाड्यांतल्या दोनसुद्धा तिकडे वळत नसाव्यात. वन विभागाचा परवाना काढावा लागतो, तो जैसलमेरला मिळतो, एवढंच काम. मुलाचा उत्साह यथातथाच होता. फलकावर राष्ट्रीय उद्यान लिहिलेलं, आणि समोर नुसतं गवत! वाघ नाही, झाड नाही, टेकडीसुद्धा नाही. सगळं वाळवंट म्हणजे वाळूचे ढीग असं आपल्या डोक्यात सिनेमांनी भरवलेलं आहे. या उद्यानात वाळूच्या टेकड्या जेमतेम पाचवा हिस्सा आहेत, बाकी कठीण मुरमाड जमीन, खडकाळ पठार आणि गवताळ माळ. त्या गवताचं नाव सेवण. गुडघाभर उंचीचे त्याचे झुबके वाळू धरून ठेवतात, गाई-मेंढ्या त्यावर जगतात, आणि त्या झुबक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सगळा संसार चालतो. सांडे (काटेरी शेपटीचे सरडे) बिळाच्या तोंडाशी ऊन खात पडलेले असतात. एक वाळवंटी कोल्हा दिसला, शेपटीचं टोक पांढरं. पखुर्ड्यांचे थवे पाण्याकडे जात होते. गिधाडं तर एवढी की मी वर्षानुवर्षांत एकत्र पाहिली नव्हती, मेलेल्या उंटाभोवती बसली होती.

नाव राष्ट्रीय उद्यान असलं तरी कायद्याने ते अभयारण्य आहे, १९८० साली जाहीर झालेलं. आत गावं आहेत, ढाण्या (म्हणजे वाड्या) आहेत, माणसं पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखून आहेत. आमच्याबरोबरचा वन विभागाचा माणूस त्यातल्याच एका ढाणीतला. वय साठीकडे झुकलेलं, बोलणं कमी. गाडी थांबवायला सांगितली, दुर्बीण माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "उस बेर के बाएँ देखो बाबूजी। गोडावण।"

गोडावण म्हणजे आपला माळढोक. आधी मला गवतच दिसलं. मग त्यातली एक पांढरी काडी हलली. ती मान होती. नर होता. डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा, पाठ मातकट तपकिरी, उंची मीटरभर. चाल अशी की सातबारा त्याच्याच नावावर आहे. दोन पावलं टाकायचा, थांबायचा, मान एका बाजूला कलती करून जमीन न्याहाळायचा, आणि चोच झटकन खाली. नाकतोडा असावा. सूनबाई कुजबुजत म्हणाली, "बाबा, हा समोर बघतच नाही, बाजूलाच बघतो." तिने अगदी नेमकं टिपलं होतं. पुढे जे लिहितोय त्याचं मूळ तिथेच आहे.

थोड्या वेळाने तो उडाला. चारदोन पावलं धावला, रुंद पंख पसरले आणि संथपणे, जड जड, जमिनीला धरूनच निघाला. वर चढता चढता जिथे स्थिरावला ती उंची मी डोळ्यांनी मापली, आयुष्यभर तेच केलंय. ३३ केव्हीच्या पोलाच्या जरा वर. तिथून पुढे तो तशाच उंचीवर किलोमीटर दीड किलोमीटर गेला. त्या बाजूला लाईन नव्हती म्हणून गेला.

आता तारांचं. लोकांना वाटतं पक्षी तारेवर बसतो आणि शॉक लागून मरतो. तसंही मरतात, पण ते वेगळे. गरुड, गिधाडं, घुबडं पोलावर बसतात. पोलावरची आडवी लोखंडी पट्टी, म्हणजे क्रॉसआर्म, अर्थ झालेला असतो, पंख मोठा, एक टोक फेजच्या चालू तारेला आणि पाय क्रॉसआर्मला, की संपलं. त्यावर उपाय सोपा आहे. पोलाजवळ तारेवर इन्सुलेटेड आवरण घालायचं, जंपर (तारा जोडणारे तुकडे) झाकायचे, अंतर वाढवायचं. एखादा गँग दिवसात कितीतरी पोल उरकेल.

माळढोक पोलावर बसत नाही. तो आदळून मरतो. तारेत वीज असो नसो, त्याला फरक पडत नाही. शटडाउन घेतलेल्या लाईनवरही तो तसाच मरेल. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, जमिनीवर चरताना चारी बाजूंनी कोल्हा-लांडगा दिसावा म्हणून. उडताना त्याची नजर खाली आणि बाजूला असते, नाकासमोरचा पट्टा त्याला जवळजवळ दिसतच नाही. बसच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बस हाकावी, तसला प्रकार. त्यात नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, उडणाऱ्या पक्ष्यांत हा सर्वांत वजनदारांपैकी एक. शेवटच्या क्षणी तार दिसली तरी एवढं धूड वळवणार कसं?

टॉवरच्या लाईनमध्ये आणखी एक फसवणूक असते, ती बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. मोठ्या लाईनचे कंडक्टर जाड, दोन-दोन चार-चारचे जुडगे, ते एक वेळ दिसतात. पण सगळ्यांत वर, टॉवरच्या शेंड्याशेंड्याला जोडणारी एक बारीक तार असते, वीज पडली तर ती जमिनीत जावी म्हणून. अर्थ वायर. पक्षी जाड तारा टाळायला वर उचलतो आणि नेमका या बारीक तारेत जातो. म्हणून खाली सापडणाऱ्या पक्ष्याचं पंख तुटलेलं असतं, मान मुरगळलेली असते, भाजल्याची खूण कुठेच नसते. उन्हाळ्यात तारा तापून झोळ वाढतो, हिवाळ्यात आवळतात, म्हणजे एकाच गाळ्यात (दोन टॉवरांच्या मधे) तारेची उंची ऋतूप्रमाणे बदलते. पक्ष्याने लक्षात ठेवायचं म्हटलं तरी कसं ठेवणार?

जाता जाता, एक गंमत. आमच्या धंद्यात कंडक्टरला जनावरांची नावं आहेत. छोट्या लाईनला वीझल नाहीतर रॅबिट, ३३ ला डॉग, १३२ ला पँथर, २२० ला झेब्रा, ४०० ला मूस. मरू उद्यानाच्या भोवती हे सगळं प्राणिसंग्रहालय हवेत टांगलेलं आहे, आणि खालच्या प्राण्यांना त्याचीच भीती.

भारतीय वन्यजीव संस्थेने थरच्या वाळवंटात लाईनखालून चालत चालत मेलेले पक्षी मोजले आणि अंदाज बांधला की तिथे वर्षाला साधारण १८ माळढोक तारांना धडकून मरत असावेत. सगळ्या राज्यांत मिळून रानात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आतबाहेर, त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. मादी वर्षाला एक अंडं घालणार, त्यातलं एखादंच पिल्लू मोठं होणार. हिशोब करायला गणिताचे मास्तर नकोत. २०११ पासून हा पक्षी अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

यावर सर्वोच्च न्यायालयात खटला चालला हे आपल्याकडे छापून आलंच असेल. निवृत्त सनदी अधिकारी आणि वन्यजीव तज्ज्ञ एम. के. रणजितसिंह यांची ती याचिका. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रात तारा जमिनीखाली घालण्याचे निर्देश दिले. सरकारचं म्हणणं पडलं की हे जमण्यासारखं नाही, सौरऊर्जेचं उद्दिष्ट बुडेल. मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलला, तज्ज्ञांची समिती नेमली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये समितीच्या शिफारशी स्वीकारून राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटर हे प्राधान्याचं क्षेत्र ठरलं.

यावर दोन्ही बाजूंनी जे बोललं गेलं त्यात एका वायरमनचं मत कुणी विचारलेलं नाही, म्हणून आगाऊपणाने देतो. मोठी लाईन, ४०० किंवा ७६५ ची, शेकडो किलोमीटर जमिनीखालून न्या म्हणणं सोपं आहे. एसी केबल लांब गेली की चार्जिंग करंटच (केबल स्वतःच ओढते तो प्रवाह) एवढा होतो की केबलची ताकद त्यातच खर्ची पडते. खर्च कितीतरी पट. जॉइंट गेला तर वाळूत तो शोधायला दिवस लागतात. तिथे सरकार खोटं बोलत नव्हतं. पण ११ आणि ३३ चं तसं नाही! शहरांत आम्ही त्या लाईन रोज जमिनीखालून नेतो. जेसीबीने चर खणायचा, वाळूचा थर, केबल, वर विटा नाहीतर टाइल, खुणेची पट्टी, माती ओढली की झालं. सुदासरीच्या भोवतीची जमीन तर खणायला मऊ. म्हणजे जे जमत नाही त्याच्या आडोशाने जे सहज जमतं तेही वर्षानुवर्षं लांबलं, हे माझं म्हणणं आहे. मोठ्या लाईनसाठी जागा बदलणं हाच उपाय. आखणी करतानाच माळ सोडून, एकाच पट्ट्यातून, शक्यतो जुन्या लाईनला खेटून नेली तर दहा ठिकाणी अडथळा होण्याऐवजी एका ठिकाणी होईल.

मधला तोडगा म्हणून तारांवर पक्षी-रोधक लटकवतात, ज्याला सगळे बर्ड डायव्हर्टर म्हणतात. तळहाताएवढी चकती, वाऱ्याने गरगर फिरते, चकाकते, काही रात्रीही उजळतात. पक्ष्याला लांबून तार आहे हे कळावं म्हणून. चांगली गोष्ट आहे, लावल्या तिथे धडका कमी होतात. पण लावणारा ठेकेदार लावून जातो, नंतर बघतं कोण? एका लाईनखाली मी गाडी थांबवायला लावली. कंपनीचं नाव लिहीत नाही. एका गाळ्यात चकत्या ठरावीक अंतराने होत्या, पुढच्या गाळ्यात तीनच, त्यापुढे नुसत्या क्लिपा. एक चकती खाली वाळूत पडलेली मिळाली. उन्हाने प्लास्टिक पिठूळ झालेलं, बोटाने दाबलं तर कड तुटली. पंचेचाळीस अंशाच्या उन्हात आणि वाळूच्या माऱ्यात असला माल किती टिकणार हे खरेदी करणाऱ्याला कळत नाही असं मी मानत नाही. कागदावर मात्र त्या लाईनवर डायव्हर्टर 'बसवलेले' आहेत. आमच्याकडे मान्सूनपूर्व देखभालीचा तक्ता असतो, डीओ (पोलावरचे फ्यूज) तपासा, स्टे (पोलाचे ताण) आवळा, फांद्या तोडा. त्यात 'डायव्हर्टर मोजा' ही एक ओळ घातली तर काम होईल. लाईनवर गस्त घालणारा माणूस तसाही वर बघतच जातो.

समला आणि रामदेवऱ्याला माळढोकांचं प्रजनन केंद्र आहे. २०१९ पासून रानातली अंडी उचलून, मशीनमध्ये उबवून पिल्लं वाढवताहेत, ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं, आता पिंजऱ्यातली संख्या साठावर गेली आहे. त्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना हात जोडावेत असं काम. पण ही पिल्लं एक दिवस सोडायची आहेत, आणि सोडायची ती याच आभाळात. आम्ही नवीन ग्राहकाला कनेक्शन देण्याआधी लाईन चार्ज करून बघतो. इथे ग्राहक तयार होताहेत आणि लाईनचं काम बाकी आहे.

आता पर्यटकाने काय करावं, तर मला साधंच वाटतं. समला तंबू बुक करताना गिझर आहे का, वायफाय आहे का हे आपण विचारतोच. त्यात आणखी एक विचारा, वीज कुठून घेता? वर्षाचे बहुतेक दिवस जिथे कडक ऊन आहे तिथल्या कॅम्पला छतावरची सौर पॅनेल आणि बॅटरी पुरते, गिझरही सौर बसतो. त्याला माळावरून ११ केव्हीचा टॅप ओढायची गरज नाही. आतल्या ढाण्यांचंही तेच. त्यांना वीज मिळायलाच हवी, अभयारण्याच्या नावाखाली त्यांना अंधारात ठेवणं पाप आहे, पण चार घरांच्या ढाणीसाठी बारा किलोमीटर लाईन ओढण्यापेक्षा घरावर पॅनेल स्वस्तही पडतं आणि तुटतही नाही. सौरऊर्जा विरुद्ध पक्षी असं भांडण लावणाऱ्यांनी ही बाजू पाहावी. पॅनेल कुणाला मारत नाही, त्याच्यापासून निघणारी तार मारते.

आणि समला दोन दिवस काढणार असाल तर त्यातली एक सकाळ सुदासरीला द्या. तिथे परवाना काढणारे वाढले तर आतल्या गावांतल्या पोरांना गाईड म्हणून काम मिळेल. आमच्याबरोबर आलेल्या त्या माणसाचा मुलगा कॅम्पवर जीप चालवतो, वाळूत उड्या मारायची. बापाची विद्या शिकण्यात त्याला पैसा दिसत नाही. त्याचं काय चुकलं? गिऱ्हाईक तिकडे आहे.

देगराईचं ओरण बघायचं राहून गेलं, त्याचं वाईट वाटतं. ओरण म्हणजे आपली देवराई, देवीच्या नावाने राखलेली जमीन, जिथे कुणी फांदी तोडत नाही. तिथूनही मोठ्या लाईन गेल्या आहेत, आणि गावकरी त्याविरुद्ध अनेक वर्षं उभे आहेत.

शेवटी आपल्या घरचं. माळढोक हा काही राजस्थानचाच पक्षी नव्हे, त्यांनी १९८१ मध्ये त्याला राज्यपक्षी केलं एवढंच. आपल्याकडे नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटर, त्यात लोकांची शेतं, घरं, गावंच्या गावं. जमीन विकायची तर अडचण, विहीर खणायची तर अडचण. लोक पक्ष्यावर चिडले, आणि त्यांचं चिडणं मी पोलावरून रोज ऐकलंय. पुढे ते क्षेत्र सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. तोवर माळाची द्राक्षबाग झाली होती. बागेला पाणी, पाण्याला मोटार, मोटारीला डीपी. ती कनेक्शनं देणाऱ्यांत मीही होतो, आणि शेतकऱ्याला पाणी देण्यात मला आजही काही गैर वाटत नाही. पण तेव्हा लाईन कुठून न्यायची हे ठरवताना माळढोक कुठून उडतो हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि वन खात्याच्या नकाशावर आमची लाईन नव्हती. दोन सरकारी खाती, एकच माळ, आणि नकाशे वेगवेगळे. आज नान्नजला गेलात तर काळवीट भरपूर, नशीब असेल तर लांडगाही दिसेल. माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते, एवढी वेळ आली आहे.

परतल्यावर मी माहिती अधिकारात दोन अर्ज टाकले आहेत. वन विभागाला विचारलंय की नान्नजच्या माळावर गेल्या काही वर्षांत माळढोक जिथे जिथे दिसला त्या जागा नकाशावर आहेत का. वीज कंपनीला विचारलंय की त्या गावांच्या हद्दीतल्या ११ आणि ३३ केव्हीच्या किती लाईन माळावरून जातात, कितींवर डायव्हर्टर आहेत आणि ते शेवटचे कधी तपासले. दोन्ही उत्तरं आली की एकावर एक ठेवून नकाशा करायचा आहे. आपल्या सोलापूर आवृत्तीच्या वार्ताहराला त्यात रस असेल तर माझ्याकडे पाठवा. माळावर कुठली लाईन कुठून आत शिरते ते मी चालत दाखवीन.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त वायरमन, उत्तर सोलापूर

(नाव-पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)